हवेतून आणलेले नत्र जमिनीत कसे टिकवावे

अमोनियापासून बनलेले कोणतेही खत हाताळताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते. त्यातले नत्र, म्हणजे नायट्रोजन, मोठा खटाटोप करून हवेतून आणलेले असते आणि जराशी फट मिळाली की ते हवेत परत जायला निघते. कोणते खत घ्यावे, किती घ्यावे, केव्हा आणि किती खोल द्यावे, गोणी कुठे ठेवावी, या बहुतेक प्रश्नांची उत्तरे या एका गोष्टीतून निघतात. म्हणून पुढे आधी अमोनिया कसा तयार होतो ते सांगितले आहे आणि मग त्यातले नत्र जमिनीत कसे राखावे हे सविस्तर मांडले आहे. मात्रांचे तक्ते कुठेही मिळतात. मात्रा बरोबर असूनही खत वाया कसे जाते, हे त्या तक्त्यांत सहसा नसते.

कारखान्यात काय घडते

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनचा असला तरी पिकांना तो थेट घेता येत नाही, कारण त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि तो बंध तोडायला दर मोलला सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हे काम जमिनीच्या साध्या तापमानाला उरकतात. माणसाला त्यासाठी जाड पोलादी पात्रे, प्रचंड दाब आणि लोखंडाचा उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, लागला. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये कार्ल्सरूअ येथील प्रयोगशाळेत द्रव अमोनिया सतत ठिबकत राहील असे उपकरण चालवून दाखवले. कार्ल बॉश यांनी ते कारखान्याच्या मापाचे केले आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. हाबर यांच्या उपकरणात ऑस्मियम हा अतिशय दुर्मीळ धातू उत्प्रेरक म्हणून वापरला होता. तेवढ्या ऑस्मियमवर कारखाने चालणे शक्य नव्हते, म्हणून आल्विन मिटाश यांच्या गटाने हजारो मिश्रणे तपासली आणि लोहखनिजात अॅल्युमिना व पोटॅश यांसारखे पदार्थ थोड्या प्रमाणात मिसळून स्वस्त उत्प्रेरक तयार केला. आजचा उत्प्रेरक बहुतेक कारखान्यांत त्याच घराण्यातला आहे.

अभिक्रिया कागदावर साधी दिसते. २८ टन नायट्रोजन आणि ६ टन हायड्रोजन मिळून ३४ टन अमोनिया होतो. अडचण हायड्रोजनची असते, कारण नायट्रोजन हवेत फुकट आहे आणि हायड्रोजन कशापासून तरी सोडवून घ्यावा लागतो. बहुतेक कारखान्यांत तो नैसर्गिक वायूपासून मिळवतात. वायूतले गंधक आधी झिंक ऑक्साइडच्या थरातून काढून टाकतात, कारण गंधक उत्प्रेरकाला मारते. मग हा वायू आणि वाफ निकेलच्या उत्प्रेरकावरून सुमारे ८०० अंश सेल्सिअसला नेतात, तेव्हा हायड्रोजन सुटतो आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पुढच्या पात्रात मोजून हवा सोडली जाते. तिच्यातला ऑक्सिजन जळून उष्णता देतो आणि मागे उरलेला नायट्रोजन पुढे लागणाऱ्या प्रमाणात आपोआप मिश्रणात येतो. ही युक्ती मला सगळ्या प्रक्रियेत सर्वांत देखणी वाटते. त्यानंतर कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करून तो धुऊन काढतात आणि उरलासुरला अंश मिथेनमध्ये बदलतात, कारण ऑक्सिजन असलेले हे वायू लोखंडाच्या उत्प्रेरकालाही चालत नाहीत.

अमोनिया तयार होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे तापमान कमी ठेवले तर समतोल अमोनियाच्या बाजूला झुकतो. पण थंड उत्प्रेरक इतका मंद चालतो की हाती काही लागत नाही. म्हणून ४०० ते ५०० अंश तापमान आणि हवेच्या दाबाच्या साधारण १५० ते २५० पट दाब अशी तडजोड करावी लागते. एवढे करूनही एका फेरीत जेमतेम १५ ते २० टक्के वायूचा अमोनिया होतो. तो थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेला वायू पुन्हा त्याच पात्रात फिरवतात. जगात वर्षाला सुमारे १८ कोटी टन अमोनिया असा तयार होतो आणि त्यातला सुमारे ७० टक्के खतांकडे जातो. नैसर्गिक वायूऐवजी विजेने पाणी विघटित करून हायड्रोजन मिळवण्याचे कारखानेही उभे राहू लागले आहेत, परंतु खत वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्याने काही बदलत नाही; रेणू तोच असतो.

अमोनियापासून कोणते खत होते

अमोनियात वजनाने ८२ टक्के नत्र असते, पण तो उणे ३३ अंशांना उकळत असल्यामुळे दाबाच्या टाकीशिवाय नेता येत नाही. त्याला घन रूपात बांधण्याच्या ज्या वेगवेगळ्या रीती आहेत त्यांतूनच निरनिराळी खते झाली. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड दाबाखाली एकत्र आणले की आधी अमोनियम कार्बामेट आणि त्यातून पाणी निघून युरिया होतो. एक टन युरियाला सुमारे ०.५७ टन अमोनिया आणि ०.७३ टन कार्बन डायऑक्साइड लागतो. हायड्रोजन काढताना धुऊन वेगळा केलेला कार्बन डायऑक्साइड इथे कामी येतो, म्हणून युरियाचे कारखाने अमोनियाच्या कारखान्याला लागूनच असतात. युरियात ४६ टक्के नत्र असते.

गंधकाम्लाशी संयोग केला की अमोनियम सल्फेट होते, ज्यात २१ टक्के नत्र आणि २४ टक्के गंधक असते. फॉस्फोरिक आम्लाशी संयोग केला की डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) मिळते, ज्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद (फॉस्फेट) असते. अमोनियाचे प्लॅटिनमच्या जाळीवर ज्वलन करून नत्राम्ल करतात आणि त्याचा पुन्हा अमोनियाशी संयोग करून सुमारे ३४ टक्के नत्राचे अमोनियम नायट्रेट करतात.

निवड करताना नत्राचा टक्का एवढाच निकष धरू नये. पिकाची खालची, जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे, कारण पीक जुन्या पानातले नत्र काढून नव्या पानाला देते. वरची कोवळी पाने आधी फिकट होत असतील तर बऱ्याचदा गंधकाची उणीव असते, आणि तिथे कितीही युरिया टाकला तरी उपयोग होत नाही. अशा जागी अमोनियम सल्फेट योग्य ठरते. मात्र ते जमीन अधिक वेगाने आम्ल करते, म्हणून सामू (पीएच) आधीच कमी असलेल्या, म्हणजे आम्ल जमिनीत ते वर्षानुवर्षे देऊ नये. डीएपीच्या दाण्याभोवती विरघळताना सामू ८ च्या आसपास जातो आणि थोडा अमोनिया सुटतो, त्यामुळे ते बियाण्याला चिकटून पेरल्यास उगवण मार खाते. बी आणि खत यांच्यात निदान ५ सेंटिमीटर माती असावी. युरिया तर बियाण्यात मुळीच मिसळू नये.

दोन बरण्यांचा प्रयोग

पुढे खत देण्याच्या ज्या रीती सांगितल्या आहेत त्यांचे कारण एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. रुंद तोंडाच्या, झाकण असलेल्या काचेच्या दोन सारख्या बरण्या घ्याव्यात. शेतातली वाफशावरची माती, म्हणजे मुठीत दाबली तर गोळा होईल पण हाताला पाणी लागणार नाही अशी, दोन्हींत १० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरावी. पहिल्या बरणीत चमचाभर युरिया मातीवर पसरावा. दुसरीत तेवढाच युरिया तळापासून ३ सेंटिमीटर उंचीवर ठेवून वरून उरलेली माती घालून हलके दाबावे. दोन्ही झाकणांना आतून तांबड्या लिटमस कागदाची ओली पट्टी चिकटवावी. लिटमस नसेल तर हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला पांढरा कागद ओला करून वापरावा. बरण्या उबदार जागी, पण उन्हात नव्हे, ठेवून द्याव्यात.

माती उबदार आणि सजीव असेल तर एक ते तीन दिवसांत पहिल्या बरणीतला लिटमस निळा होतो, किंवा हळदीचा कागद तांबूस तपकिरी पडतो. झाकण उघडून हाताने वारा नाकाकडे ढकलला तर गोठ्यासारखा उग्र दर्प येतो. (बरणीत नाक खुपसू नये.) दुसऱ्या बरणीतला कागद बराच काळ तसाच राहतो. पहिल्या बरणीत जे घडले तेच वर फेकून दिलेल्या युरियाचे शेतात घडते, फक्त तिथे झाकण नसल्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही.

कारण असे. मातीत आणि पिकाच्या अवशेषांत युरिएज नावाचे विकर (एन्झाइम) असते. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये स्फटिकरूपात वेगळे केलेले पहिले विकर ते हेच. युरिएज युरियाचे अमोनियम कार्बोनेट करते आणि त्यामुळे दाण्याभोवतीच्या मातीचा सामू ९ च्या जवळ जातो. सामू ७.२५ असताना विरघळलेल्या अमोनियम (अमोनियाचे धन भारित, न उडणारे रूप) व अमोनिया या जोडीत अमोनियाचा वाटा जेमतेम १ टक्का असतो, ९.२५ ला तो निम्मा होतो. दाणा खोल असेल तर सुटलेला अमोनिया वरच्या ओल्या मातीतून जाताना पुन्हा अमोनियम होतो आणि चिकणमातीचे व सेंद्रिय पदार्थाचे ऋण भारित कण त्याला धरून ठेवतात. दाणा पृष्ठभागावर असेल तर त्याला अडवणारे काहीच नसते. चुनखडीयुक्त जमिनीत हा धोका अधिक असतो, आणि तिथे अमोनियम सल्फेटमधूनही अमोनिया उडतो.

खत कसे द्यावे

युरिया शक्यतो ओळीच्या बाजूला ५ ते ७ सेंटिमीटर खोल पेरून द्यावा आणि लगेच मातीने झाकावा. पेरून देणे जमत नसेल तर विस्कटून दिल्यावर त्याच दिवशी कोळपणी करून तो मातीआड करावा. तेही शक्य नसेल तर पाणी देण्याच्या आधी किंवा १२ ते १५ मिलिमीटर पाऊस खात्रीने येणार असेल तेव्हा द्यावा, म्हणजे विरघळलेला युरिया पाण्याबरोबर आत जाईल. युरिया विद्युतभारित नसल्यामुळे तो मातीला चिकटत नाही आणि पाण्यामागे सहज जातो. सर्वांत वाईट वेळ म्हणजे पाणी देऊन झाल्यावर, वरची माती ओलसर असताना आणि ऊन वर येत असताना. दाणा विरघळण्यापुरती ओल असते, त्याला खाली नेण्याइतके पाणी नसते आणि वारा अमोनिया घेऊन जातो. दुर्दैवाने पाणी दिल्यावर मऊ मातीत खत चांगले लागते अशी समजूत असल्यामुळे नेमकी हीच वेळ अनेकदा निवडली जाते. रात्रीचे दव पडलेल्या पालापाचोळ्यावरही युरिया फेकू नये, कारण अवशेषांवर युरिएज मातीपेक्षा जास्त असते.

भात खाचराची गोष्ट वेगळी आहे. साचलेल्या पाण्यातले शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे दुपारी पाण्याचा सामू ९ च्याही वर जाऊ शकतो. अशा पाण्यात फेकलेला युरिया बरणीतल्या प्रयोगापेक्षाही लवकर हवेत जातो. म्हणून वरखताचा हप्ता देण्याआधी खाचरातले पाणी उतरवावे, चिखलात युरिया द्यावा आणि एक-दोन दिवसांनी पाणी पुन्हा घ्यावे. लावणी ओळीत असेल तर युरियाच्या १ ते ३ ग्रॅमच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात दाबून देणे याहून बरे. त्या खोलीवर ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे अमोनियमचे नायट्रेट होत नाही आणि ते हळूहळू मुळांना मिळत राहते. काम कंटाळवाणे आहे हे खरे, पण एकदाच करावे लागते.

नायट्रेट ही दुसरी गळती आहे. निचऱ्याच्या उबदार जमिनीत जिवाणू अमोनियमचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार असल्यामुळे मातीचे कण त्याला धरत नाहीत. जोराचा पाऊस आला की ते मुळांच्या खाली झिरपते आणि विहिरीच्या पाण्यात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम ठेवली आहे. पाणी तुंबले तर दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याच नायट्रेटपासून नायट्रोजन आणि नायट्रस ऑक्साइड हे वायू करतात. नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबात वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ घडवतो. यावर शेतातला उपाय म्हणजे नत्र हप्त्यांनी देणे. वाळूमय जमिनीत हप्ते अधिक आणि लहान असावेत, भारी जमिनीत दोन-तीन पुरतात. निंबोळी तेलाचे आवरण असलेला युरिया नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो. युरिएज रोखणारी रसायने लावलेला युरिया मिळत असेल तर तो पृष्ठभागावर देणे भागच असलेल्या ठिकाणी वापरावा.

मात्रेचा हिशेब

माती परीक्षणानंतर हेक्टरी १२० किलो नत्र आणि ६० किलो स्फुरद द्यायचे ठरले असे धरू. आधी स्फुरदाचा हिशेब करावा, कारण डीएपीबरोबर नत्र आपोआप येते. ६० भागिले ०.४६ म्हणजे सुमारे १३० किलो डीएपी. त्यातून १३० गुणिले ०.१८ म्हणजे सुमारे २३ किलो नत्र मिळते. उरलेले ९७ किलो युरियातून द्यायचे. ९७ भागिले ०.४६ म्हणजे सुमारे २१० किलो युरिया. डीएपी पेरणीच्या वेळी द्यावे आणि युरियाचे १०५ किलोंचे दोन हप्ते करावेत, एक फुटवे फुटताना आणि दुसरा पीक पोटरीत येण्याच्या सुमारास. शेणखत चांगले दिले असेल किंवा आधीचे पीक द्विदल असेल तर नत्र त्या मानाने कमी करावे. हा वजावटीचा भाग बहुतेक जण सोडून देतात आणि मग जास्तीच्या नत्राने पीक गर्द हिरवे होते, मऊ पानांवर किडी येतात आणि वाऱ्यात ते लोळते.

हेक्टरी १०५ किलो म्हणजे चौरस मीटरला साडेदहा ग्रॅम. पाच मिलिलिटरच्या चमच्यात सपाट भरलेला युरिया सुमारे पावणेचार ग्रॅम बसतो, म्हणजे एका चौरस मीटरला तीन सपाट चमचे. एक मीटर बाजूचा चौकोन जमिनीवर आखून त्यात तीन चमचे युरिया एकदा पसरून पाहावा; ते पांढरे दाणे इतके विरळ दिसतात की हाताने फेकणारा माणूस दुप्पट-तिप्पट का फेकतो ते लगेच कळते. हाताने द्यायचे असल्यास ठरलेल्या वजनाचे दोन भाग करून एक उभा आणि एक आडवा फेकावा, म्हणजे पट्टे पडत नाहीत.

फवारणीसाठी २ टक्क्यांचे द्रावण, म्हणजे लिटरला २० ग्रॅम युरिया, पुरेसे होते. बाययुरेटचे (युरिया बनताना त्यात येणाऱ्या, पिकाला अपायकारक अशुद्धीचे) प्रमाण कमी असलेला युरियाच त्यासाठी घ्यावा, नाही तर पानांच्या कडा करपतात. बादलीत एकदम बराच युरिया ओतला तर पाणी हाताला झोंबेल इतके गार पडते आणि उरलेले दाणे विरघळायला वेळ लावतात, कारण युरिया विरघळताना उष्णता शोषून घेतो. फवारा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी मारावा.

साठवण आणि सुरक्षितता

युरियाची गोणी उघडली की त्याच दिवशी संपवावी, किंवा तोंड घट्ट बांधून फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावी. ३० अंश तापमानाला हवेतील आर्द्रता साधारण ७३ टक्क्यांच्या वर गेली की युरिया पाणी ओढू लागतो. अमोनियम नायट्रेट ५९ टक्क्यांनाच ओढते. दोन्ही एकत्र केली तर मात्र ती मर्यादा १८ टक्क्यांवर येते, म्हणजे जवळपास कुठल्याही हवेत त्या मिश्रणाचा लगदा होतो. ही दोन खते कधीही एकत्र करू नयेत, एकाच घमेल्यातून पाठोपाठही वापरू नयेत. युरिया चुन्यात मिसळू नये आणि सुपर फॉस्फेटमध्ये मिसळलाच तर लगेच देऊन टाकावा.

अमोनियम नायट्रेटबाबत गलथानपणा चालत नाही. ते वेगळ्या, कोरड्या, हवेशीर जागी ठेवावे. डिझेल, तेल, भुसा, गंधक आणि उष्णतेपासून दूर ठेवावे. कडक झालेला ढीग फोडताना काय होऊ शकते ते २१ सप्टेंबर १९२१ रोजी ओपाऊच्याच कारखान्यात दिसले. अमोनियम सल्फेट आणि नायट्रेट यांचा दगडासारखा झालेला साठा स्फोटके लावून सैल करण्याची तिथे रीत होती. त्या दिवशी साठाच उडाला आणि ५०० हून अधिक माणसे मेली. गोणीत गोळे झाले असतील तर ती जमिनीवर आडवी टाकून हाताने किंवा पायाने हलके दाबून मोकळी करावी, घण मारू नये.

द्रव अमोनिया थेट जमिनीत १५ ते २० सेंटिमीटर खोल सोडण्याची पद्धत जिथे आहे तिथे हे काम प्रशिक्षित माणसानेच करावे. नळ्या आणि झडपा पोलादाच्या असाव्यात, कारण तांबे, पितळ आणि जस्त यांना अमोनिया खातो. अमोनियाचा वायू हवेपेक्षा हलका असतो, तरीही गळती झाली की गार पांढरे धुके जमिनीलगत सरकत येते, म्हणून वाऱ्याच्या उलट दिशेने, धुके टाळून बाहेर पडावे. डोळ्यांत किंवा अंगावर उडाल्यास त्या क्षणी भरपूर साध्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावे, पापण्या बोटांनी उघड्या धरून धुवावे, कातडीला चिकटलेला कपडा ओढून काढू नये, मलम किंवा तेल लावू नये, आणि धुणे पूर्ण झाल्यावरच डॉक्टरांकडे न्यावे. टाकीजवळ काम करताना स्वच्छ पाण्याची भरलेली बाटली खिशात आणि मोठा पिंप हाताशी असल्याखेरीज झडप उघडू नये.